उन्हावर चालणारे किडे

उन्हावर चालणारा लहान रोबो बनवायला घेतला की पहिली गाठ विजेच्या हिशेबाशी पडते. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढे सौर पॅनेल भर दुपारच्या उन्हात १० ते २० मिलिअँपिअर प्रवाह देते. खेळण्यातल्या साध्या मोटरला जागची हलायलाच ३०० ते ५०० मिलिअँपिअर लागतात. दोन्ही थेट जोडली तर पॅनेलचा दाब क्षणात कोसळतो आणि मोटर ढिम्म राहते. पॅनेल मोठे करावे तर वजन वाढते, ते वजन ओढायला मोटर मोठी लागते, आणि मोठ्या मोटरला पुन्हा पॅनेल अपुरे पडते. बॅटरी घातली तर हा पेच सुटतो, पण मग रोबो उन्हावर न चालता बॅटरीवर चालतो आणि दोनतीन वर्षांत तिच्याबरोबरच निकामी होतो.

यातून निघालेली वाट सोपी आहे. सतत चालण्याचा हट्ट सोडायचा. पॅनेलमधून येणारी बारीक धार एका कपॅसिटरमध्ये साठू द्यायची, पुरेशी साठली की एका झटक्यात मोटरला द्यायची, आणि कपॅसिटर रिता झाला की मोटर तोडून पुन्हा साठवायला लागायचे. हे काम आपोआप करणाऱ्या सर्किटला सोलर इंजिन म्हणतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात ज्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून हंडा भरतात, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. पाणी झिरपू द्यायचे, वाटी बुडेल इतके साठले की उपसायचे, पुन्हा थांबायचे. घाई केली तर हाती गाळ येतो. सोलर इंजिनचे सगळे शहाणपण थांबावे केव्हा आणि उपसावे केव्हा एवढ्या एकाच निर्णयात आहे, आणि तो निर्णय दोन ट्रान्झिस्टर आणि एक लुकलुकणारा दिवा मिळून घेऊ शकतात.

आकड्यांत पाहिले तर हा साठा किती लहान आहे ते कळते. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ व्होल्टपर्यंत भरला की त्यात साधारण ०.०२१ ज्यूल ऊर्जा असते. सर्किट १ व्होल्टवर थांबले तर तळाशी थोडी उरते आणि मोटरच्या वाट्याला ०.०१९ ज्यूल येते. त्यातला एकही अंश वाया गेला नाही असे मानले, तरी तेवढ्या ऊर्जेत १०० ग्रॅमचे वजन फार तर २ सेंटिमीटर उचलले जाईल. प्रत्यक्षात बराच भाग मोटरच्या तारा तापवण्यात आणि घर्षणात जातो. म्हणून असा रोबो ३०-४० ग्रॅमच्या आत ठेवावा लागतो, आणि तो चालत नाही, उड्या घेत सरकतो. १ व्होल्टपासून ३ व्होल्टपर्यंत भरायला ५ मिलिअँपिअरच्या धारेने सुमारे २ सेकंद लागतात. ढग येऊन धार अर्ध्या मिलिअँपिअरवर आली की १९ सेकंद. उडी मात्र दोन्ही वेळा तेवढीच असते. कमी उजेडात हा रोबो अशक्त होत नाही, जास्त वेळ थांबतो, आणि या सर्किटात सर्वांत मनात भरण्यासारखी गोष्ट हीच आहे. मोठे पॅनेल आणि मोठी मोटर थेट जोडणाऱ्याला मिळते ती उतरत्या उन्हाबरोबर मंदावत मरणारी गती. सोलर इंजिनाला मावळतीकडेही पूर्ण ताकदीची उडी मिळते, फक्त उशिराने.

सर्वांत सोपे सोलर इंजिन पाच भागांचे असते: कपॅसिटर, एक एनपीएन आणि एक पीएनपी ट्रान्झिस्टर, २.२ किलोओहमचा एक रोध आणि दोन पायांचा लाल लुकलुकणारा एलईडी. पॅनेल आणि मोटर धरून एकूण सात. कपॅसिटर पॅनेलच्या धन आणि ऋण तारांमध्ये बसतो. मोटरचे एक टोक धन तारेला आणि दुसरे एनपीएनच्या कलेक्टरला जाते. त्याचा एमिटर ऋण तारेला. पीएनपीचा एमिटर धन तारेला आणि कलेक्टर एनपीएनच्या बेसला. पीएनपीच्या बेसपासून २.२ किलोओहमचा रोध मोटर आणि एनपीएन जिथे मिळतात त्या सांध्यापर्यंत, आणि त्याच बेसपासून लुकलुकणारा एलईडी ऋण तारेपर्यंत, धन पाय बेसकडे ठेवून. एलईडीला वेगळा रोध जोडायचा नाही.

मोटर बंद असताना तिचा सांधा धन तारेच्याच दाबावर असतो, म्हणून पीएनपी बंद राहतो आणि कपॅसिटर भरत जातो. दाब अडीच-तीन व्होल्टच्या आसपास पोहोचला की लुकलुकणाऱ्या एलईडीच्या पोटातली चिप जागी होते आणि पहिली लुकलुक घेताना बेसमधून प्रवाह खेचते. पीएनपी उघडतो, तो एनपीएनला उघडतो, मोटर फिरू लागते आणि सांध्याचा दाब खाली येतो. आता २.२ किलोओहमचा तोच रोध पीएनपीचा बेस खाली धरून ठेवतो. एलईडीची गरज संपली. दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना उघडे ठेवतात. कपॅसिटर १ व्होल्टच्या खाली गेला की ही पकड सुटते आणि सर्किट पुन्हा साठवायला लागते. एकच रोध मोटर बंद असताना दार लावून ठेवतो आणि मोटर सुरू असताना उघडे धरतो. एका भागाकडून दोन उलट कामे करून घेण्याची ही काटकसर नव्या माणसाने सोल्डरिंगची कांडी उचलण्यापूर्वी कागदावर बोट फिरवून समजून घ्यावी. तसे केले तर पुढे बिघाड शोधायला मल्टिमीटरचीही फारशी गरज लागत नाही.

या प्रकारच्या रोबोंना चळवळीचे रूप दिले ते मार्क टिल्डन यांनी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात असताना १९८९च्या सुमारास त्यांनी बीम ही कल्पना मांडली. जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सौंदर्यदृष्टी आणि यांत्रिकी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आले. मायक्रोप्रोसेसर नको, प्रोग्राम नको, टाकाऊ यंत्रांतले भाग वापरा आणि ऊर्जा उन्हातून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. पुढे अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत त्यांनी मोजक्या ट्रान्झिस्टरांवर पाय टाकत चालणारी यंत्रे केली. १९९४मध्ये त्यांच्या रोबोंच्या मज्जासंस्थेसारख्या सर्किटांना पेटंट मिळाले. त्यांच्याही आधी, १९४८-४९मध्ये, ब्रिस्टलमधले मेंदूविज्ञानाचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवे बनवली होती. उजेडाकडे वळणारी ही कासवे बॅटरी उतरली की स्वतःच्या खोपटाकडे जात. त्यांच्या डोक्यात दोन व्हॉल्व्हपुरतीच बुद्धी होती, तरी त्यांची हालचाल पाहणाऱ्याला हेतुपूर्वक वाटे.

सौर घटाची स्वतःची कहाणीही खेळण्यापासून सुरू होते, हे क्वचितच सांगितले जाते. बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी पहिला उपयुक्त सिलिकॉन घट लोकांसमोर आणला, तेव्हा त्याच्यावर एक छोटा खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखवला होता. घटाची कार्यक्षमता होती सुमारे ६ टक्के. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हशाच्या जत्रेत आकाशपाळणे असतात, त्यांचेच बोटभर रूप. खेळण्याला विज्ञानात दुय्यम जागा देणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. घटातून वीज निघते हे मल्टिमीटरच्या काट्याने सिद्ध झालेच होते. ती वीज काही हलवू शकते, यावर लोकांचा विश्वास पाळण्याने बसवला.

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके १९ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशाच्या थोडे अलीकडे-पलीकडे आहेत. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैमधला तो दिवस बहुधा ढगांत जातो. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य भर दुपारी ४७ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे आडव्या ठेवलेल्या पॅनेलवर सरळ उन्हाच्या तीन-चतुर्थांशाहून किंचित कमी ऊन पडते. छपरावरची पॅनेले यासाठी दक्षिणेकडे कलती बसवतात. रोबोला तो नियम लावता येत नाही, कारण तो दर उडीला तोंड फिरवतो. एका दिशेला कललेले पॅनेल पुढच्याच उडीत सूर्याकडे पाठ करील. पाठीवर आडवे टाकलेले पॅनेल कुठल्याच क्षणी सर्वोत्तम नसते आणि कुठल्याच क्षणी निरुपयोगी नसते. लहान रोबोसाठी तेच योग्य.

मे महिन्यातले ऊन सर्वांत कडक, म्हणून वीजही सर्वांत जास्त मिळावी, हा अंदाज पूर्ण खरा ठरत नाही. सिलिकॉनचे पॅनेल तापले की दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद गमावते. कातळावर किंवा पत्र्यावर ठेवलेले पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर २५ अंशांच्या मानाने सहावा हिस्सा जातो. थंडीतली सकाळी दहा-अकराची स्वच्छ वेळ त्या दृष्टीने फार चांगली. उघड्या माळावर वाऱ्यात फिरणारा रोबो घराच्या ओसरीवरच्या रोबोपेक्षा बरा चालतो, त्याचे एक कारण हेच.

या भागाच्या नकाशात ऊर्जेचा आणखी एक हिशेब आहे. तानसा १८९२चा, मोडकसागर १९५७चा, आणि त्यानंतरचा भातसा: मुंबईला पाणी देणारे हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या कितीतरी पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. भातसाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे वीजगृह आहे. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते. पाणी उताराने जाते आणि वीज तारेने. ऊन मात्र जिथे पडते तिथेच धरावे लागते. डोळखांबच्या पाड्यावरचे ऊन मुंबईला नेता येत नाही. पाठीवर पॅनेल घेऊन उड्या मारणाऱ्या रोबोने पाण्याचा प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. पण आपल्या अंगणात पडणारी एक संपत्ती मोजता येते, साठवता येते आणि तिच्याकडून काम करून घेता येते, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला या सर्किटाइतक्या लवकर आणि इतक्या कमी साहित्यात दुसरे काही शिकवीत असेल असे वाटत नाही.

साहित्य बरेचसे भंगारात मिळते. खेड्यापाड्यांत वाटलेल्या सौर कंदिलांची बॅटरी आधी मरते. पॅनेल मात्र वीसएक वर्षे टिकू शकते. कंदील भंगारात गेला तरी त्याचे पॅनेल बहुतेक वेळा जिवंत असते. उन्हात धरून मल्टिमीटर लावला की मिनिटभरात निकाल लागतो. जुन्या कॅल्क्युलेटरमधली तपकिरी पट्टी मात्र या कामाची नाही. ती घरातल्या उजेडात काही मायक्रोअँपिअर देण्यासाठीच केलेली असते. मोटरसाठी जुन्या सीडी प्लेअरचा ट्रे सरकवणारी मोटर उत्तम. मोबाइलमधली थरथरणारी मोटरही चालते, तिच्या अक्षावरचे एकांगी वजन काढून टाकले की. कॅसेट प्लेअरची मोटर दिसायला मोठी असली तरी कमी प्रवाहात फिरते, पण तिच्यापैकी अनेकींच्या पोटात वेग सांभाळणारे सर्किट असते. ते काढून तारा थेट जोडाव्या लागतात. जत्रेतल्या स्वस्त गाडीची मोटर सर्वांत सहज हाती येते आणि सर्वांत खादाड असते. ती वापरायची तर कपॅसिटर मोठा घ्यावा.

ट्रान्झिस्टर आणि लुकलुकणारा एलईडी विकत घ्यावा लागतो. शहापूरकडच्या माणसाला आसनगावहून लोकल पकडून मुंबई गाठता येते. मुरबाडला रेल्वे नाही, तिथून आधी एसटीने कल्याण. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे भाग नगावर मिळतात. परदेशी पुस्तकांतल्या आकृत्यांत २एन३९०४ आणि २एन३९०६ असे क्रमांक असतात. आपल्याकडे पीएनपीसाठी बीसी५५७ सहज मिळतो. एनपीएनसाठी बीसी५४७ घेण्याचा मोह टाळावा, कारण त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे आणि मोटर सुरू होताना ती ओलांडते. २एन२२२२ किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळांत रुळलेला धातूच्या टोपीचा एसएल१०० घ्यावा. दोन्हींच्या पायांचा क्रम वेगळा असतो, तो आधी पाहून घ्यावा.

कपॅसिटरबाबत एक चूक वारंवार होते. आकाराने नाण्याएवढा, ५.५ व्होल्टचा आणि चक्क १ फॅरडचा सुपरकपॅसिटर पाहून वाटते की याच्यात शेकडो पटींनी वीज मावेल. मावते खरी, पण या प्रकाराचा अंतर्गत रोध दहा-वीस ओहमपासून पुढे असतो. तो वीज सावकाश सोडतो. घड्याळाची स्मृती जपायला तो बनवला आहे, मोटरला धक्का द्यायला नाही. साधे ४७०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, हवे तर दोन समांतर जोडून, अधिक चांगले. त्यांच्या अंगावरची पट्टी ऋण बाजूला यायला हवी. लाखो वेळा भरले-रिकामे केले तरी त्यांचे काही बिघडत नाही, आणि बॅटरीपेक्षा कपॅसिटर पसंत करण्याचे हेच मुख्य कारण आहे.

शरीराचे सर्वांत सोपे रूप म्हणजे एकच मोटर उभी, तिचा अक्ष खाली जमिनीला टेकलेला, वर कपॅसिटर आणि पॅनेल, आणि भोवती तारेची तीन सारखी टोके. अशा सममित रोबोला बीमवाले सिमेट म्हणतात. उभी मोटर तिन्ही टोकांवर एकदम टेकत नाही. एका बाजूला कलते आणि अक्षाच्या टोकाने जमीन ढकलीत गोल सरकते. अडथळ्याला लागली की दुसऱ्या टोकावर कलते आणि वेगळ्याच दिशेने निघते. याला डोळे नाहीत, तरी खोलीतल्या वस्तूंमधून तो वाट काढतो. चाके नको, गिअर नको. अक्षावर सायकलच्या वॉल्व्हट्यूबचा तुकडा चढवला की पकड मिळते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो अडखळतो, गुळगुळीत फरशीवर छान चालतो. मुरमाड अंगणात त्याच्यासाठी पुठ्ठा किंवा फळी अंथरावी.

दिशा हवी असेल तर दोन मोटरी लागतात. दोन्ही आडव्या, अक्ष बाहेरच्या बाजूंना जमिनीला टेकलेले, आणि प्रत्येकीला स्वतःचे इंजिन. दोन्ही इंजिने एकाच कपॅसिटरवर असतात आणि त्यांच्यापैकी कोणते आधी सुटावे ते समोर बसवलेले दोन फोटोडायोड ठरवतात. डावीकडे उजेड जास्त असेल तर उजवी मोटर आधी सुटते, आणि रोबो डावीकडे वळतो. पुढच्या उडीला तो उजेडाच्या आणखी समोर येतो. इथे पॅनेल हे पोट आणि फोटोडायोड हे डोळे, पण दोघांना हवी असलेली गोष्ट एकच आहे. म्हणून उजेडाकडे जाण्याचा नियम वेगळा लिहावा लागत नाही. सर्किटच्या मांडणीतच तो आहे. वॉल्व्हच्या काळात ग्रे वॉल्टर यांना कासवाचे खोपट वेगळे बांधावे लागले होते. इथे खोपट म्हणजे उन्हाचा कोणताही तुकडा.

या जातीच्या शिक्षणाला महाराष्ट्रात आधार आहे. माळशेज घाट चढून ओतूर, नारायणगावमार्गे गेले की शिरूर तालुक्यातले पाबळ लागते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणे हा त्याचा पाया. ऊर्जा आणि पर्यावरण हा तिथल्या अभ्यासक्रमाचा एक भाग आहे, आणि एमआयटीच्या पुढाकाराने जगभर पसरलेल्या फॅब लॅबपैकी अगदी सुरुवातीची एक २००२मध्ये तिथे उभी राहिली. त्याच वाटेवर नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि फेब्रुवारीअखेरच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते. आयआयटी मुंबईने सौर अभ्यासदिव्याच्या प्रकल्पात दिवे कारखान्यात न जोडता गावातल्याच लोकांकडून जोडून घेतले. २०१८च्या गांधी जयंतीला हजारो शाळकरी मुलांनी तिथे एकत्र बसून स्वतःचा दिवा जोडला. जो मुलगा स्वतःच्या दिव्याचा सांधा सोल्डर करतो, त्याला तो दिवा बंद पडल्यावर उघडायची भीती वाटत नाही. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांमध्ये हेच काम सोलर इंजिनाने पुढच्या पायरीवर नेता येईल, कारण दिव्यात वीज फक्त वाहते, इंजिनात ती वाट पाहते आणि निर्णय घेते.

पावसाळा ही इथली खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि उजेड स्वच्छ उन्हाच्या दहाव्या हिश्शावर येतो. वर्गात ट्यूबलाइटखाली तर तीनशेव्या हिश्शाच्या आसपास. लुकलुकणाऱ्या एलईडीचे इंजिन इथे अडते, आणि अडण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सुटण्याच्या दाबाजवळ पोहोचताच एलईडी थोडा थोडा प्रवाह पिऊ लागतो. पॅनेलची धार त्याच्याएवढीच बारीक असेल तर जेवढे येते तेवढे गळते, दाब उंबरठ्याच्या जरासा खाली तटून राहतो आणि रोबो तासन्‌तास हलत नाही. कपॅसिटर भरलेला, सर्किट धड, तरी उडी नाही. अशा वेळी एलईडीच्या जागी दाब ओळखणारी तीन पायांची चिप वापरतात; १३८१ हा त्यातला बीमवाल्यांचा आवडता क्रमांक. ती स्वतःसाठी मायक्रोअँपिअरभरच प्रवाह घेते आणि ठरलेल्या दाबाला नेमकी सुटते. चिपला साजेशी मांडणीही थोडी बदलावी लागते. तिच्याबरोबर एक डायोड आणि एक छोटा कपॅसिटर लागतो, कारण मोटर सुरू होताच दाब खाली येतो आणि चिप लगेच बंद होऊ पाहते. तो छोटा कपॅसिटर तिला थोडा वेळ उघडी धरतो. हे मिलर इंजिन. त्याच्यावरचा रोबो आषाढातल्या अंगणात ओसरीच्या कडेला ठेवला तर अर्ध्या मिनिटाने, मिनिटाने का होईना उडी घेतो.

शाळेत दोन्ही इंजिने एकाच प्रकारच्या पॅनेलवर आणि मोटरवर शेजारी शेजारी बांधावीत. वैशाखात दोघांत फारसा फरक दिसत नाही. पहिल्या पावसानंतर दिसतो, आणि मग सर्किटातला एखादा मायक्रोअँपिअर का मोजायचा हे मुलांना फळ्यावर लिहून द्यावे लागत नाही.